कोथरूडचा एक हॉल आणि दोन फिक्या छटा

घर कोथरूडमधलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बांधलेली तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. राहणारे दोघंच: निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर आणि त्यांच्या पत्नी. पहिल्या भेटीपासून मी त्यांना काका-काकू म्हणत आले, इथेही तेच म्हणते. मुलगा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात. तो थंडीत महिनाभर राहायला येणार म्हणून घर रंगवून घ्यायचं ठरलं आणि इंटिरियरची कामं करणारी म्हणून मला बोलावणं आलं.

आधीचा रंग पिस्ता. काकांच्या आरामखुर्चीमागे डोक्याच्या तेलाचा काळपट गोल, स्वयंपाकघराबाहेरच्या स्विचबोर्डाभोवती हळदीच्या बोटांची पिवळी झाक, खिडकीखाली ओलीने फुगलेली पुट्टी. ही दुरुस्ती कशी करायची यात वाद नव्हता. वाद रंगाचा होता, आणि तो खुद्द मुलाने पाठवून दिला होता. त्याच्या तिकडच्या घराच्या भिंतींना शेरविन-विल्यम्स या रंगकंपनीचा ‘ॲग्रीएबल ग्रे’ आहे, कंपनीचा क्रमांक ७०२९. तिकडे बिल्डर लोक हा रंग सर्रास मारतात. तोच रंग पुण्यातही द्यावा असं त्याचं म्हणणं. काकूंना बदामी हवा होता. मग मुलानेच मधला तोडगा म्हणून त्याच कंपनीचा ‘ॲक्सेसिबल बेज’, क्रमांक ७०३६, सुचवला आणि पुण्याला येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर दोन्हींची कार्डं धाडली.

काकूंनी दोन्ही कार्डं खिडकीपाशी धरली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, “अगं, हे दोन्ही एकच आहेत ना?”

हातात धरल्यावर खरोखरच एक वाटतात. कंपनी प्रत्येक शेडचा एलआरव्ही नावाचा आकडा देते. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत फिरतो त्याचं ते माप. पूर्ण काळा म्हणजे शून्य, पूर्ण पांढरा म्हणजे शंभर. ॲग्रीएबल ग्रे ६०, ॲक्सेसिबल बेज ५८. उजळपणात फरक नाहीच म्हणा. काकांना मात्र आकडा दिसला की पुढचा आकडा हवा असतो. स्क्रीनवर हे रंग दाखवण्यासाठी कंपनी लाल, हिरवा आणि निळा यांचे अंक छापते, ते त्यांनी काढले. ग्रेचे २०९, २०३, १९३. बेजचे २०९, १९९, १८४. लाल दोघांत तेवढाच. हिरवा चारने उतरला, निळा नऊने. काकांनी एका ओळीत निकाल लावला: “लाल आणि निळ्यातलं अंतर एकात १६, दुसऱ्यात २५. पिवळेपणा तेवढा जास्त. बाकी सगळं सारखंच.”

या प्रकरणाची सगळी मेख याच नऊ अंकांत आहे. कार्डावर हा फरक दिसत नाही आणि खोलीत लपत नाही. कारण खोलीत उजेड एकदा भिंतीवर आपटून डोळ्यांत येतो असं होत नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर, परत फरशीवर असा फिरत राहतो, आणि प्रत्येक फेरीत भिंत त्यातला थोडा निळा खाते. चारही भिंती एका रंगाच्या असल्या की तो रंग कार्डापेक्षा गडद आणि अधिक पिवळा दिसतो तो यामुळे. म्हणून कार्ड बघून “हा फारच फिका आहे, एक नंबर गडद घेऊया” म्हणणाऱ्यांना मी नेहमी थांबवते.

आधी डबे तयार करून घेणं आलं. त्या अमेरिकन कंपनीचा डबा काही कर्वे रोडवरच्या दुकानात मिळत नाही. पण मोठ्या दुकानांत आता रंग मोजणारं यंत्र असतं, स्पेक्ट्रोफोटोमीटर. कार्डावर ते टेकवलं की आपल्याकडच्या कंपनीच्या बेसमध्ये, म्हणजे छटा न घातलेल्या मूळ रंगात, कुठले स्टेनर (छटा देणारे अर्क) किती घालायचे याचं गणित संगणक काढून देतो. काउंटरवरच्या मुलाला खरं तर स्वतःच्या शेडकार्डातला ‘सगळ्यात जवळचा’ नंबर द्यायचा होता. गडद रंगांत ते चालून जातं. इथे दोन उमेदवारांमधलं अंतरच एवढंसं, की जवळचा नंबर घेतला तर आपण दोघांपैकी कोणाचीच परीक्षा घेत नाही, तिसऱ्याच कोणाची तरी घेतो.

म्हणून एकेक लिटर सूत्राप्रमाणेच बनवून घेतला. ग्रेचा पहिला घाणा दुकानातल्या दिव्याखाली कार्डाशी चोख जुळला आणि बाहेर फुटपाथवर आणल्यावर हिरवट दिसला. असं होतं. फिक्या तटस्थ रंगात बहुधा काळा, पिवळा ऑक्साइड आणि लाल ऑक्साइड असे दोन-तीन स्टेनर असतात. काळा आणि पिवळा मिळाले की हिरव्याकडे झुकतात, तो झुकाव लाल ऑक्साइडचे थेंब मारतात. शिवाय मूळ रंगातले आणि आपल्या रंगातले स्टेनर वेगळे असले तर एका दिव्याखाली जुळलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटू शकते. दुकानदाराने कुरकुरत लाल किंचित वाढवून दिला. वाळलेला ठिपका उन्हात आणि ट्यूबखाली, दोन्हीकडे बघितल्याशिवाय डबा घेऊन निघू नये.

नमुना भिंतीवर का नाही लावला

पेंटरची सवय अशी, की जुन्या भिंतीवर वीतभर चौकोन मारायचे आणि विचारायचं, “बोला ताई, कुठला?” पण जुनी भिंत पिस्ता होती. हिरव्या पार्श्वभूमीवर कुठलाही मातकट तटस्थ रंग गुलाबी भासतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचं खातं सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनतज्ज्ञाकडे तक्रार आली होती, की काळं सूत फिकं पडतं. त्याने तपासलं तेव्हा रंग ठीक निघाला, दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा होता. शेजारचा रंग डोळ्याला आपल्या उलट दिशेला ढकलतो हे त्याने १८३९ साली सविस्तर मांडलं. आपण मात्र अजूनही जुन्या पिस्त्यावर नवा बेज मारून, “गुलाबी दिसतोय हो, नको” म्हणून मोडीत काढतो.

अप्पा बळवंत चौकातून पांढरा सनबोर्ड आणला, दोन-दोन फुटांचे तुकडे केले, प्रायमर मारून रोलरने रंगाचे दोन हात दिले. कडेला दोन बोटं पांढरी पट्टी सोडली, म्हणजे मागची भिंत थेट रंगाला भिडत नाही. रोलरनेच, कारण ब्रशच्या रेघांत सावली धरते आणि रंग गडद वाटतो. हे बोर्ड घरभर फिरवायचे: खिडकीजवळ, खिडकीसमोर, कोपऱ्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली, फरशीला टेकवून उभे. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर धरून पाहिलेला रंग अर्धाच पाहिलेला असतो.

फरशी, दरवाजा आणि पर्जन्यवृक्ष

या घरात तीन गोष्टी बदलणार नव्हत्या. एक, फरशी. मूळची मोझेक काढून मधल्या काळात घातलेली दोन बाय दोनची चकचकीत क्रीम व्हिट्रिफाइड, स्पष्ट पिवळसर. दोन, सागवानी दरवाजे आणि चौकटी, फ्रेंच पॉलिशने लालसर तपकिरी झालेल्या. तीन, हॉलच्या खिडकीबाहेरचा पर्जन्यवृक्ष. त्याच्या फांद्या जवळजवळ ग्रिलला टेकतात.

ग्रेचा बोर्ड फरशीवर उभा केला आणि काकू लगेच म्हणाल्या, “हा जांभळट का दिसतोय?” दिसतच होता. तो रंग करडा आहे, पण अगदी थोडा ऊबदार. त्याच्या पायाशी एवढी पिवळी फरशी आली, की डोळा त्यातला पिवळा धरतच नाही आणि उरतो तो फिका, मळकट जांभळा. नॉर्थ कॅरोलिनातल्या घरात असं होत नाही, कारण तिथे खाली करड्या-तपकिरी लाकडी फळ्या आहेत, दाराखिडक्यांच्या चौकटी शुभ्र पांढऱ्या आहेत आणि खिडक्या अंगणाकडे मोकळ्या उघडतात. मुलाने पाठवलेल्या फोटोंत तो रंग सुरेख दिसतो हे मी मुद्दाम कबूल करते. रंग चांगलाच आहे. या फरशीशी त्याचं जमत नाही, एवढंच.

बेजचा बोर्ड फरशीवर शांत बसला. सागवानी चौकटीशेजारीही. पण त्यालाही खोड निघाली. आम्ही हे सगळं पाहत होतो पावसाळ्याच्या शेवटच्या आठवड्यांत, झाड पानांनी गच्च आणि आकाश भरलेलं. खिडकीलगतच्या दोन-तीन फुटांत पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो. त्यात बेज खाकीकडे, खरं तर सुकलेल्या मेंदीकडे सरकला. काकांना ते अजिबात रुचलं नाही. “पोलीस चौकी वाटतेय,” म्हणाले.

मग तुलना दोन रंगांची राहिली नाही, दोन खोडींची झाली. ग्रेची खोड फरशीमुळे, आणि फरशी हॉलभर आहे, बाराही महिने आहे. बेजची खोड झाडामुळे, खिडकीजवळच्या पट्ट्यापुरती, ढगाळ सकाळी सगळ्यात जास्त. हे झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतं, तेव्हा तीही नाही. शिवाय त्या पट्ट्यावर पडदा येतो. माझं मत इथेच पक्कं झालं, पण काका-काकूंना घाई करू दिली नाही. पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुन्हा बोर्ड लावायचे असं ठरलं. भिंतीतली ओल सुकायलाही तेवढा वेळ हवाच होता. ओल्या भिंतीवर घाईने पुट्टी मारून दिवाळी गाठणारी घरं मी पाहिली आहेत. संक्रांतीला पापुद्रे सुटतात.

मध्यंतरी मुलाने एक मुद्दा काढला. त्याने वाचलं होतं, की उत्तरेकडच्या खोलीत उजेड थंड आणि निळसर असतो म्हणून तिथे ऊबदार छटा घ्यावी, आणि हॉलची खिडकी तर उत्तरेलाच आहे. म्हणजे निष्कर्ष माझाच, पण कारण उसनं. हा सल्ला तिकडच्या अक्षांशाचा आहे. तो राहतो तिथे, साधारण ३६ अंश उत्तरेला, दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेतच असतो. डिसेंबरात माध्यान्हीला जेमतेम ३१ अंश वर येतो. पुणे १८.५ अंशांवर. इथे डिसेंबरातही माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो चक्क आपल्या उत्तरेकडून जातो. मे महिन्यात सकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन येतं हे पुण्यातल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. या हॉलचा उजेड दिशेपेक्षा छज्जा, झाड आणि मच्छरदाणीची जाळी यांनी ठरत होता. जाळी धुतली तरी हॉल उजळला. काकांना हे अंशांचं गणित इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास रंगाचा विषयच निघाला नाही.

ट्यूब

संध्याकाळी दिवे लावून पाहिलं तर दोन्ही बोर्ड मेलेले. हॉलमध्ये ६५०० केल्विनची एलईडी ट्यूब होती (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), आपल्याकडे सगळ्यांकडे असते तीच पांढरीफटक. तिच्या उजेडात बेज पुट्टीसारखा आणि ग्रे सिमेंटसारखा दिसतो. शेजारी बेडरूममध्ये मात्र पिवळा बल्ब, साधारण २७०० केल्विनचा, आणि तिथे बेज चक्क खरवसाच्या रंगाचा. म्हणजे एकाच घरात, एकाच वेळी, एकच बोर्ड दोन रंगांचा. रंगावर हजारो रुपये घालण्याआधी दोनशे-तीनशे रुपयांची ट्यूब बदलून पाहा हे मी प्रत्येकाला सांगते आणि फार कमी जण ऐकतात. काकांनी ऐकलं. ४००० केल्विनची ट्यूब आणली, खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या पुढे असेल अशी बघून. साध्या दिव्यांचा तो ८० च्या आसपास असतो आणि तटस्थ रंगातल्या बारीक छटा त्यात मरतात. नव्या ट्यूबखाली बेज दिवसासारखाच दिसला. काकूंची कुरकुर होती की आता पेपर वाचायला उजेड कमी वाटतो. ती रास्त होती. आरामखुर्चीपाशी वेगळा दिवा दिला.

व्हिडिओ कॉलवर मुलाला दाखवणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय ठरला. फोनचा कॅमेरा समोर जे काही आहे त्यातला मुख्य रंगाची झाक स्वतःहून काढून टाकतो. बोर्डाजवळ नेला की भिंत पांढरी, मागे घेतला की गुलाबी. तो म्हणे, “आई, हा तर व्हाइट आहे.” काकू म्हणाल्या, “तू इथे येऊन बघ.” विषय संपला.

ऑक्टोबरात बोर्ड पुन्हा लागले. ऊन तिरपं, आकाश स्वच्छ, झाडाचा हिरवा पडसाद बराच उतरलेला. मेंदी जवळजवळ दिसेनाशी झाली. जांभळट झाक मात्र होती तिथेच होती. हॉल, पॅसेज आणि जेवणाची जागा बेजमध्ये करायची असं दोघांनी एका सुरात सांगितलं.

नैऋत्येच्या बेडरूमचा निकाल उलटा लागला. तिथे दुपारनंतरचं ऊन थेट आत येतं, कपाट पांढऱ्या लॅमिनेटचं, आणि फरशी पलंग व सतरंजीखाली जवळपास झाकलेली. म्हणजे ग्रेला त्रास देणारी गोष्टच तिथे नाही. उलट संध्याकाळच्या उन्हात बेज फार पिवळा पडत होता. तिथे ग्रे. “एकाच घरात दोन रंग कशाला?” असं काकांनी विचारलं, पण मधे सागवानी चौकट आणि उंबरा आहे, दोन रंग एका नजरेत शेजारी येतच नाहीत. आणि मुलगा झोपणार त्याच खोलीत, हे काकूंच्या मनात होतंच.

पेंटर या निवडीवर खूश नव्हता. जुना, अनुभवी माणूस. “ताई, नवीन रंग मारून जुनं दिसलं तर लोक मला नावं ठेवतील.” त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. हे रंग मळकट दिसू शकतात, आणि ते बहुतेक वेळा शेजारच्या पांढऱ्यामुळे. निळसर पांढऱ्या स्विचच्या प्लेट बेज भिंतीवर बसवल्या, की प्लेटभोवतीची भिंत धुरकट वाटते. इथे नव्या मॉड्युलर प्लेट लावायच्याच होत्या, त्या किंचित साईच्या रंगाच्या घेतल्या. छतालाही निळीची झाक असलेला पांढरा टाळला आणि पिवळसर छटा नसलेला साधा पांढरा दिला. छत फार क्रीम केलं असतं तर भिंत आणि छत एकमेकांत विरघळून सगळी खोली एका डब्यातून काढल्यासारखी झाली असती.

फिनिशवरून मी आणि काकू वेगळ्या बाजूला होतो. त्यांना पुसता येईल अशी चकाकी हवी होती, मला मॅट. खिडकीचा उजेड भिंतीवर आडवा पडतो तेव्हा चकाकत्या रंगाखाली जुन्या प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा लाटेसारखा दिसतो, आणि फिक्या तटस्थ रंगात लपवायला दुसरं काही नसतं. शेवटी धुता येणारा, अगदी मंद चकाकीचा इमल्शन घेतला. घासकामाला पेंटरने कंटाळा केला नाही, बॅटरी आडवी धरून भिंत तपासत होता, तेव्हा त्याच्याबद्दलचा माझा आदर वाढला. तेलाच्या गोलावर साध्या प्रायमरचा उपयोग नव्हता. तो भाग डिटर्जंटने धुऊन, वाळवून, तिथे ऑइल बेस प्रायमर मारला. नाहीतर तेल नव्या रंगातून पुन्हा वर येतं.

पहिला हात दिला त्या दुपारी काकूंचा फोन: रंग फारच फिका आलाय, दुकानदाराने फसवलं. इमल्शन ओला असताना दुधाळ आणि फिका दिसतो, वाळला की गडद होतो. उद्या सकाळपर्यंत थांबा म्हटलं. डबे वेगवेगळ्या वेळी टिंट केलेले होते, म्हणून हॉलसाठीचा सगळा रंग एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला लावला होता. एरवी भिंतीच्या मध्यावर डबा बदलला की नऊ अंकांच्या खेळात तोही फरक दिसला असता.

आता घरात काय दिसतं? हॉल दिवसा ऊबदार आहे, पिवळा नाही. सागवानी दरवाजे पहिल्यांदाच उठून दिसतात. पिस्त्यावर ते नुसते लाल वाटायचे. पॅसेज मला पूर्ण पटलेला नाही. तिथे खिडकी नाही, आणि ५८ एलआरव्हीचा रंग अंधाऱ्या जागेला उजळवू शकत नाही, कुठलाच रंग नाही; परत फिरवायला आधी उजेड पडावा लागतो. तिथे आणखी एक दिवा हवा, तो काकांनी पुढच्या इलेक्ट्रिशियनवर सोडला आहे. पाहुण्यांपैकी निम्मे लोक रंगाबद्दल काहीच बोलत नाहीत, आणि दोन्ही खोल्यांचा रंग वेगळा आहे हे सोसायटीतल्या फक्त एका बाईंनी ओळखलं.

उरलेला रंग दोन छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवला आहे. प्रत्येक डब्यावर दुकानातली सूत्राची चिठ्ठी, बेसचं नाव, फिनिश आणि खोली. काकांना एवढंच सांगून ठेवलं, की खुर्चीमागे पुन्हा डाग पडला तर तेवढ्यावर ठिपका मारायचा नाही. वर्षभरात भिंतीचा रंग थोडा उतरलेला असतो आणि एवढ्या फिक्या छटेत ठिपका लांबून ओळखू येतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पुरी रंगवायची.